पदन्यासाची धावती लिपी

गायकाची चीज स्वरलिपीत बांधून ठेवता येते. नर्तकाचे पाऊल मात्र उचलले की त्याची खूण उरत नाही. ही खूण कागदावर उतरवण्याचे प्रयत्न युरोपात फार पूर्वी झाले. राउल ओजे फये याने १७०० साली पॅरिसमध्ये पदन्यास रेखाटण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तर रुडॉल्फ लाबान याने १९२८ साली सर्वांगाच्या हालचालींची लिपी मांडली. या लिप्या बव्हंशी नृत्यशिक्षक आणि अभ्यासक यांच्यापुरत्याच राहिल्या. सामान्य माणसाने उभ्या उभ्या वाचावी आणि वाचता वाचता नाचावे अशी लिपी रूढ झाली, ती जपानमधील एका खेळयंत्रामुळे. करमणुकीच्या इतिहासातील हे प्रकरण आम्हांस उपेक्षणीय वाटत नाही.

कोनामी या कंपनीने १९९८ साली ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ हे नाणे टाकून खेळायचे यंत्र आणले. पायांनी खेळण्याची कल्पना अगदीच नवी नव्हती. बांदाई कंपनीची दूरचित्रवाणी संचापुढे अंथरण्याची चटई १९८६ सालीच आली होती. परंतु तिचा भर धावण्यावर व उड्यांवर अधिक होता. कोनामीच्याच १९९७ सालच्या ‘बीटमेनिया’त ताल होता, पण तो हातांनी सांभाळायचा. नव्या यंत्राने तो पायांकडे सोपवला.

यंत्रापुढे एक बुटका चौथरा, त्यावर चार दिशांचे चार बाण आणि पाठीमागे धातूची दांडी. गाणे सुरू झाले की पडद्यावर खालून वर बाण सरकू लागतात. वरच्या स्थिर बाणाशी सरकता बाण जुळेल त्याच क्षणी पायाखालचा तसाच बाण दाबायचा. पाऊल किती अचूक पडले याचा निवाडा तत्काळ मिळतो. चुका वाढल्या की खेळ संपतो.

या लिपीचे मर्म ती काय सांगत नाही, यात आहे. पाऊल कोठे आणि केव्हा टाकायचे एवढेच बाण सांगतो. ते उजवे की डावे, हे सांगत नाही. म्हणून मुरलेला खेळाडू पावले आलटूनपालटून टाकतो आणि त्यासाठी कमरेतून वळतो. हात, मान, मुद्रा यांविषयी तर लिपी पूर्ण मूक आहे. याच मौनातून खेळाडूंचे दोन पंथ निर्माण झाले. एक अचूकतेचा: मागची दांडी धरून, अंगाचा भार हलका करून, एकही बाण न चुकवणारा. दुसरा मुक्त नृत्याचा: बाण मुखोद्गत करून पडद्याकडे पाठ फिरवणारा, प्रसंगी गुडघ्याने वा तळहाताने बाण दाबणारा. यंत्राला कळतो तो केवळ दाब; तो कशाने पडला याचे त्याला सोयरसुतक नसते. भोवती जमलेल्यांना मात्र हा फरक नेमका कळे. कथकच्या तत्कारातही पाऊल समेवर येणे ही केवळ पहिली अट असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

लिपी रुळली की तिच्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न येतोच. १९९९ साली कोरियातील अँडामिरो कंपनीने ‘पंप इट अप’ आणले; त्यात चार तिरके बाण आणि मध्ये पाचवी जागा होती. २००१ साली आलेल्या ‘स्टेपमेनिया’ या मुक्त संगणक-प्रणालीमुळे वाचक लेखक झाले. हव्या त्या गाण्यावर कोणीही पदन्यास रचू लागला. पुढे अमेरिकेतील रॉक्सर कंपनीच्या ‘इन द ग्रूव्ह’ या खेळाविरुद्ध कोनामीने २००५ साली दावा लावला आणि २००६ सालच्या तडजोडीत त्या खेळाचे हक्क कोनामीकडे गेले.

त्याच २००६ साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने मुलांच्या लठ्ठपणावर उपाय म्हणून आपल्या सर्व ७६५ सरकारी शाळांत हा खेळ नेण्याची योजना जाहीर केली. हेतू स्तुत्यच होता. पण यंत्राने दाब मोजला, न्यायालयापुढे हक्क मोजले गेले, शासनाने खर्च झालेली ऊर्जा मोजली. या तिन्ही हिशेबांत न बसणारी एकच गोष्ट उरली आणि ती म्हणजे नृत्य. पडद्याकडे पाठ फिरवून नाचणाऱ्या त्या अनामिक मुलामुलींनी ती जपली, याची नोंद इतिहासाने ठेवावी असे आम्हांस वाटते.