कीर्द ते खतावणी, व्हाया वेबहूक

'नो-कोड' म्हटलं की आमच्या जमातीत लगेच दोन तट पडतात. एका तटाला वाटतं, झालं, आता आपली नोकरी गेली. दुसऱ्याला वाटतं, हा सगळा पोरखेळ आहे. मी सध्या कुठल्याच तटात नाही, कारण गेले काही रविवार मी स्वतःच गुलमंडीवरच्या एका ओळखीच्या कापड दुकानासाठी हा पोरखेळ खेळतोय. आणि त्या नादात जे वाचत गेलो ते इतकं जुनं निघालं की म्हटलं, लिहूनच टाकावं.

आधी काम काय ते सांगतो. दुकानात उधारी टिपायला एक मोबाइल अ‍ॅप आहे, कोडची एक ओळ न लिहिता फक्त रकाने ओढून बनवलेलं. दुकानाचे मालक (सगळे त्यांना काकाच म्हणतात, मीही) बाकीच्या गोष्टी एका टिपणवहीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात. कुणाकडे लग्न आहे, कुणाला कुठला काठ लागतो, कोण दिवाळीनंतर पैसे देतं, वगैरे. काकांची मागणी एवढीच, की अ‍ॅपमध्ये उधारी पडली की ती आपोआप त्या गिऱ्हाइकाच्या टिपणात जाऊन बसावी.

यासाठी मध्ये एक अडत्या लागतो. झॅपिअर, मेक, एन-एट-एन ही त्यातली नावाजलेली मंडळी. 'हे झालं की ते कर' एवढंच त्यांचं काम. अ‍ॅप वेबहूक नावाची चिठ्ठी पाठवतं, अडत्या ती वाचतो, आणि टिपणवहीत नोंद करतो. ही कल्पनाही काही कालची नाही. एका प्रोग्रॅमचं तोंड दुसऱ्याला बागेतल्या नळीसारखं जोडता आलं पाहिजे, असं डग मॅकिलरॉय यांनी बेल लॅब्जमध्ये १९६४ सालीच लिहून ठेवलं होतं. युनिक्समध्ये ते 'पाइप' १९७३ साली आले. वेबवर तेच चित्र काढून करायची सोय याहू पाइप्सने २००७ मध्ये दिली, झॅपिअर २०११ मध्ये आलं, आणि नोशनसारख्या टिपणवहीने बाहेरच्यांसाठी आपलं दार २०२१ मध्ये उघडलं.

पण खरी गंमत याच्याही बरीच आधीची आहे.

१४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या गणिती साधूचा ग्रंथ छापला गेला. त्यात व्यापाऱ्यांच्या हिशेबावर एक प्रकरण आहे. तो तीन वह्या सांगतो. पहिली कच्ची टिपणवही, जिच्यात दुकानातलं कुणीही, हातात येईल त्या नाण्यात, घडेल तसं लिहितं. दुसरी रोजची पक्की वही. तिसरी खातेवार वही. आता नियम बघा. कच्च्या वहीतली नोंद पक्क्या वहीत उतरवली की मूळ नोंदीवर एक तिरकी रेघ मारायची. पक्क्या वहीतून खात्यांत उतरवली की दोन रेघा, एक नावेची आणि एक जमेची. शिवाय समासात खात्याच्या पानाचा आकडा लिहायचा. आणि खातेवार वहीत सगळी रक्कम एकाच नाण्यात आणायची.

आमच्या भाषेत सांगायचं तर रेघ म्हणजे 'ही नोंद पुढे गेली आहे, पुन्हा पाठवू नका' अशी खूण. पानाचा आकडा म्हणजे मूळ नोंदीपर्यंत परत जायचा दुवा. पाचशे वर्षांपूर्वी!

आणि हे काही फक्त व्हेनिसचं नाही. आपल्याकडे कीर्द आणि खतावणी आहेच की. कीर्दीत दिवसाप्रमाणे लिहायचं, मग ते खात्यावर 'खतवायचं'. आजही अकरावी कॉमर्सची मुलं 'खा. पा.' म्हणजे खाते पान असा रकाना आखतात आणि शेवटी तेरीज काढतात. (मी सायन्सवाला, मला हे आत्ता कळलं.) यातले कीर्द, खतावणी, तेरीज हे शब्द मराठेशाहीच्या दप्तरातून आलेत. पुण्याच्या हुजूर दप्तरात दोनशेहून जास्त कारकून कामाला होते, असं सुरेंद्रनाथ सेन यांनी लिहिलंय. म्हणजे आज एक वेबहूक करतो ती वाहतूक तिथे दोनशे माणसं बोरू घेऊन करत होती.

आता गुलमंडीकडे येऊ. आमचं शहर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. माल मुंबईहून यायचा तो इंग्रजी रुपयात, म्हणजे कलदारात. गल्ल्यात पडायचा तो हाली सिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार, या दराने शंभर कलदाराचे एकशे सोळा हाली, दहा आणे, आठ पै. (करून बघा, बरोबर येतं.) तारखांचं तर विचारूच नका. सरकारी कागदावर फसली सन, म्हणजे इसवी सनातून साधारण ५९० वजा. पंचांगात शके, मारवाडी-गुजराती पेढीवर विक्रम संवत, आणि रेल्वेच्या पावतीवर इंग्रजी तारीख. एका रकान्यातली तारीख दुसऱ्या रकान्यात बसत नाही म्हणून मी कधी वैतागलो, की त्या काळच्या मुनीमजींना मनातल्या मनात नमस्कार करतो.

माझ्याकडे काय झालं ते सांगतो. एका शनिवारी संध्याकाळी नेट गेलं. अडत्याला पोच मिळाली नाही, म्हणून त्याने तीच चिठ्ठी पुन्हा पाठवली. असल्या सेवांची ही रीतच आहे, चिठ्ठी हरवण्यापेक्षा दोनदा गेलेली बरी. पण एका घरातल्या बाईंच्या नावावर १,८५० रुपये दोनदा चढले. काकांनी ते वेळेवर बघितलं म्हणून बरं. मला म्हणाले, "अरे, उधारी विसरलो तर माझे पैसे जातात. पण दोनदा सांगितली तर माणूस जातो, तो परत पायरी चढत नाही."

तेव्हा कळलं की इथे नोंद पोहोचवणं हा सोपा भाग आहे. पणाला लागलेली आहे ती पत. मग पाचोलीचंच ऐकलं. प्रत्येक उधारीला एक क्रमांक दिला. टिपणवहीत तो क्रमांक आधीच असेल तर अडत्याने हात लावायचा नाही. ही झाली तिरकी रेघ. प्रत्येक टिपणात अ‍ॅपमधल्या मूळ नोंदीचा दुवा ठेवला. हे झालं खा. पा. आणि रोज रात्री दोन्हीकडच्या बेरजा जुळवून फरक असेल तर काकांना निरोप जातो. ही आमची तेरीज.

एक गोष्ट मात्र पाचोलीत नाही, ती आपल्याच इतिहासात आहे. हाली सिक्का १९५९ मध्ये कायमचा बाद झाला. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळेतून गेली. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे ढीगच्या ढीग सुरक्षित आहेत, सरदेसायांनी १९३० ते ३४ मध्ये त्यातून निवडून ४५ खंड काढले, पण बाकीचं वाचायला मोडी जाणणारी माणसं शोधावी लागतात. कागद टिकला, वाचणारे आटले. आमच्या धंद्यात तर कागदही टिकत नाही. याहू पाइप्स २०१५ मध्ये बंद, गूगलचं लो-कोड अ‍ॅप मेकर २०२१ मध्ये बंद. म्हणून महिन्याच्या एक तारखेला काकांच्या सगळ्या उधाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरतात, आणि तिचा प्रिंट गल्ल्याखालच्या फाइलला लागतो. मोबाइल नसला, अडत्या नसला, मी नसलो तरी वाचता येईल असा.

असो. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांची लाल कापडाची एखादी वही पडून असेल तर रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. समासात आकडा दिसला, तर तो कुठल्या पानावर नेतो ते शोधा. आणि सापडलं तर मला जरूर कळवा!