ताव्हर्नियेचे हुंडणावळीचे दर व वाटेची जोखीम

सावकारी घराण्याचें दप्तर हातीं आलें म्हणजे संग्राहकांची दृष्टि प्रथम सनदा, महजर, निवाडे व शिक्क्याचीं पत्रें यांकडे जाते. हुंड्यांचे खोके आणि हुंडणावळीच्या वह्या बाजूस पडतात. खोका म्हणजे पैसे चुकते झाल्यामुळें निकामी झालेली हुंडी. तिला राजकीय मोल नाहीं, अक्षर बहुधा घसटें, कागद हलका. म्हणून ती रद्दींत जाते. आमच्या मतें ही हानि लहान नव्हे. परमुलखांत फिरणारा मनुष्य आपला पैसा कसा संभाळीत असे, आणि कोणत्या काळीं कोणती वाट किती धोक्याची होती, याचा इतका नेमका आंकडा दुसऱ्या साधनांत क्वचितच सांपडतो. तो आंकडा कसा वाचावा हें दाखविण्यासाठीं सतराव्या शतकांतील एका परदेशी जव्हेऱ्याची साक्ष येथें तपासून पाहण्याचें योजिलें आहे.

हा जव्हेरी म्हणजे झां बाप्तिस्त ताव्हर्निये. इ. स. १६०५ मध्यें जन्मलेल्या या फ्रेंच गृहस्थानें १६३० पासून १६६८ पर्यंत पूर्वेकडे सहा सफरी केल्या, आणि त्याचा प्रवासग्रंथ १६७६ मध्यें पॅरिस येथें छापून निघाला. त्याच्या ग्रंथांतील राजकीय हकीकती आमचे अभ्यासक जपून वापरतात, व तें योग्यच आहे. ऐकीव गोष्टींवर त्याचा विश्वास फार. परंतु नाणें, बट्टा, जकात, भाडें आणि हुंडी यांविषयीं तो लिहितो तेव्हां त्याची लेखणी बदलते. येथें तो दुसऱ्याचें ऐकून लिहीत नाहीं. स्वतःच्या कमरेचा पैसा मोजून लिहितो. त्याच्या पुस्तकाचा हा भाग म्हणूनच आम्हांस सर्वांत विश्वसनीय वाटतो.

सुरतेवर काढिलेल्या हुंडीचे त्यानें दिलेले दर शेंकडा असे: लाहोराहून सव्वासहापर्यंत, आग्र्याहून साडेचार ते पांच, शिरोंजेहून तीन, बऱ्हाणपुराहून अडीच ते तीन, अमदाबादेहून एक ते दीड. ढाक्याचा दर दहा, पाटण्याचा सात ते आठ व काशीचा सहा. मात्र या तीन ठिकाणीं हुंडी आग्र्यावर मिळे व आग्र्यास ती पालटून सुरतेची घ्यावी लागे. दक्षिणेंत गोवळकोंड्याचा व गोव्याचा दर चार ते पांच, विजापुराचा तीन, आणि दौलताबादेचा एक ते दीड.

हे आंकडे पाहतांच वाचकाचा असा समज होणें साहजिक आहे कीं, हें सराफानें प्रवाशाकडून घेतलेलें मेहनतान्याचें द्रव्य असावें. तसा अर्थ केल्यास सगळें कोष्टक उलटें वाचलें जातें. ताव्हर्नियेच्या विवेचनावरून व्यवहार असा दिसतो: आग्र्याच्या व्यापाऱ्यास सुरतेच्या पेठेसाठीं माल भरावयाचा असे, पण हातीं रोकड नसे. तो सुरतेवर दोन महिन्यांच्या मुदतीची हुंडी लिहून देई, आग्र्यास रोकड घेई, माल सुरतेस पाठवी, आणि माल विकून हुंडी भागवी. म्हणजे आग्र्यास शंभर देणारास सुरतेस एकशें पांच मिळत. ज्याच्यापाशीं आग्र्यास रोकड आहे व ज्यास सुरतेस जावयाचें आहे, अशा परदेशी प्रवाशास हुंडी घेतल्यानें खर्च न होतां उलट लाभच होई. मात्र हा लाभ फुकटचा नव्हे. दर इतका चढण्याचें कारण ताव्हर्नियेनें स्पष्ट सांगितलें आहे: वाटेंत माल लुटला गेल्यास पैसे देणाराचे पैसे बुडण्याचा संभव असे.

या एका वाक्याचें महत्त्व फार आहे. दोन महिन्यांचें व्याज दरमहा शेंकडा एक रुपया धरलें तरी आग्र्याच्या पांचांतून दोनच वजा होतात. उरलेले तीन रुपये ही वाटेची जोखीम होय. अमदाबादेचा एकंदर दरच दीडाच्या आंत असल्यामुळें तेथील मुदत आखूड असली पाहिजे, हें उघड आहे. कोणा मांडलिक राजानें आपल्या हद्दींतून जाणारा माल अडविला किंवा जबर जकात मागितली कीं हुंडीचा दर चढे, असेंहि ताव्हर्निये लिहितो. आग्रा व अमदाबाद यांमधील वाटेवर असे दोन राजे होते. त्यांस चुकवून शिरोंज-बऱ्हाणपुराच्या वाटेनें जातां येई. पण त्या वाटेवर नद्या पुष्कळ, पूल नाहींत, आणि पावसाळा सरल्यावर दोन महिने गेल्याखेरीज ती चालावयाची नाहीं. तेव्हां कोणत्या ऋतूंत कोणती वाट बंद व कोणता राजा डोईजड, याची बातमी बखरकारास मागाहून कळे. सराफास ती दराच्या रूपानें त्याच आठवड्यांत कळे.

असें असलें तरी दरांतील प्रत्येक फरक वाटेच्या भयाच्या पदरीं बांधूं नये. बऱ्हाणपूर व दौलताबाद हीं दोन्ही शहरें सुरतेपासून फार कमीअधिक दूर नाहींत. तरी एकाचा दर दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. बऱ्हाणपुरांत तलम कापडाचा मोठा व्यापार चाले, व तें इराण-तुर्कस्थानापर्यंत जाई. तेथें माल भरणारांस रोकडीची ओढ अधिक, म्हणून दर अधिक, असें आम्हांस वाटतें.

आतां जिवाच्या रक्षणाकडे वळूं. सुरतेहून आग्र्यास पस्तीस ते चाळीस दिवस लागत. बैलगाडीचें भाडें रोजचें सुमारें एक रुपया, म्हणजे सगळ्या प्रवासाचे चाळीस ते पंचेचाळीस रुपये पडत. गोवळकोंड्याचें अंतर व भाडें साधारण तेवढेंच. थाटानें जाणारा प्रवासी बरोबर वीस-तीस हत्यारबंद प्यादे घेई; कांहींपाशीं धनुष्यबाण, कांहींपाशीं बंदुका. त्यांचा पगार पालखीच्या भोयांइतकाच, दरमहा चार रुपये; प्रवास साठ दिवसांवर जाणारा असल्यास पांच. परंतु खरें संरक्षण त्यांच्या हत्यारांत नव्हतें. शहरांत या लोकांचा एक नाईक असे. तो त्यांच्या इमानास जामीन राही, व त्याबद्दल दर माणशीं दोन रुपये घेई. अनोळखी मुलखांत अनोळखी माणसांच्या हातीं जीव देतांना प्रवासी त्या माणसांची पारख करीत बसत नसे. जामिनाची पारख करी. ज्या तत्त्वावर हुंडी चाले त्याच तत्त्वावर प्यादेहि चालत.

गुजराथेंत या जामिनकीचें याहून उग्र रूप होतें. थेवेनो हा दुसरा फ्रेंच प्रवासी १६६६ मध्यें सुरतेस उतरला. त्यानें चारण जातीच्या सोबत्यांची चाल वर्णिली आहे. चारण प्रवाशाबरोबर चाले, आणि लुटारू आडवे आले तर स्वतःचा प्राण देण्याची धमकी घाली; त्या हत्येचें पातक माथीं येईल या भयानें लुटारू बाजूस होत. आग्रा-दिल्लीच्या वाटेवर गळ्यांत फांस टाकणारे चोर असत, हेंहि त्यानेंच नमूद केलें आहे. तेथें मात्र चारणाचा उपाय चालला असेल असें वाटत नाहीं.

बंदरांतील जकातीविषयीं थोडक्यांत सांगतों. सुरतेस मालावर शेंकडा चार ते पांच व सोन्याचांदीवर दोन अशी जकात असे. अंगाची झडती कसून घेत. तरी लपविलेलें सोनें सांपडल्यास शिक्षा दुप्पट जकातीपलीकडे जात नसे, असें ताव्हर्निये म्हणतो. तेव्हां पुष्कळ लोक नशीब अजमावून पाहत यांत नवल नाहीं.

नाण्यांचा घोळ मात्र जकातीहून मोठा होता. रुपया जितका जुना तितका बट्टा अधिक. पैशांचा भावहि गांवोगांव निराळा: सुरतेस रुपयाचे एकूणपन्नास-पन्नास पैसे, तर तांब्याच्या खाणी जवळ म्हणून आग्र्यास पंचावन्न-छप्पन. कवड्यांचें याच्या उलट; समुद्रकांठीं पैशास ऐंशी, आग्र्यास पन्नास-पंचावन्न. गुजराथेंत पैशाखालचें नाणें म्हणून इराणांतून येणारे कडू बदाम चालत, पैशास पस्तीस ते चाळीस. कडू असल्यामुळें नाणें कोणी खाऊन टाकीत नसे, ही सोय होती खरी.

या व्यवहारांत मोठे लोकहि हात मारून घेत. शाइस्तेखानानें ताव्हर्नियेकडून ९६,००० रुपयांचें जवाहीर घेतलें. पैसे सोन्याच्या मोहरांत घ्यावे असा सल्ला त्यानें आपण होऊन दिला, आणि मोहरेचा भाव साडेचौदा रुपये लाविला. बाजारांत ती चौदांस होती. आमच्या गणिताप्रमाणें या अर्ध्या रुपयांत सुमारें ३,३१० रुपयांचें अंतर पडतें.

याच खानाशीं ताव्हर्नियेचा पुन्हा संबंध आला तो १६६६ च्या जानेवारींत, ढाक्यास. खान तेव्हां बंगालचा सुभेदार होता. मालाचे पैसे रोख घेऊं नयेत, कासीमबाजारावर चिठ्ठी घ्यावी, असा डच व्यापाऱ्यांनीं ताव्हर्नियेस उपदेश केला. कारण ढाक्याहून वर जावयाचें तें नदीनें, लहान होड्यांतून. आणि प्रवाशापाशीं रोकड आहे असें नावाड्यांस कळलें कीं ते होडी मुद्दाम उलथीत. चांदी तळाशीं बसे. ती जागा ध्यानांत ठेवून पुढें सवडीनें काढून घेत. ताव्हर्नियेनें उपदेश ऐकला व चिठ्ठी घेतली. नावाड्यांपासून पैसा वांचला. पण चिठ्ठी दाखविली तेव्हां खानाच्या अधिकाऱ्यानें सांगितलें कीं, पैसे देऊं नयेत असा हुकूम मागाहून आला आहे. शेवटीं रकमेंत कपात सोसून ताव्हर्नियेस समाधान मानावें लागलें.

ताव्हर्निये या कागदास हुंडीच म्हणतो. आमच्या मतें ती हुंडी नव्हे. अधिकाऱ्यानें आपल्याच वसुली कामगारावर काढिलेला पैसे देण्याचा हुकूम म्हणजे मराठी दप्तरांतील वरात होय, आणि वरातदारास कोणत्या हालअपेष्टा सोसाव्या लागत हें पेशवाईचे कागद वाचणारांस सांगावयास नको. हुंडी नाकारली गेल्यास सराफाची पत जाई, व पत गेली म्हणजे त्याचें दुकान बुडे. वरात नाकारल्यानें सुभेदाराचें कांहींच जात नसे. सराफी हुंडीची सावधगिरी पाहावी: रकमेचा आंकडा, मग अक्षरी रक्कम, मग निमे रक्कम व तिची दुप्पट, म्हणजे मागाहून कोणास फेरफार करतां येऊं नये, हुंडी हरवली तर पेठ, तीहि गेली तर परपेठ, शहाजोग असल्यास पैसे भलत्याच्या हातीं न जातां पतीच्या माणसासच मिळावयाचे. काशीयात्रेस निघालेला पुण्याकोंकणचा गृहस्थ कमरेच्या कशांत वाटखर्चीपुरतेच रुपये बांधून बाकीची हुंडी करी, तो याच भरंवशावर.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, खोका सांपडल्यास त्यावरील काढणाराचें गांव, देणाराचें गांव, मिति, मुदत व रक्कम एवढें तरी टिपून घ्यावें. दर बहुधा खोक्यावर नसतो. तो त्याच मितीच्या कीर्दींत किंवा हुंडणावळीच्या खात्यांत असतो. सबब खोक्यांची गड्डी ज्या वहीबरोबर बांधलेली असेल त्या वहीपासून ती वेगळी करूं नये.