करमणुकीची पुस्तके

तोंडाला चव नाही, अन्न जात नाही, असे दिवस माणसाला येतात, आणि त्यावरचा उपायही घरोघरी ठरलेला असतो. मऊ भात, त्यावर मेतकूट, तुपाची धार आणि कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड. त्या वेळी आजाऱ्यापुढे कुणी पुरणपोळी मांडीत नाही. पण अक्षर जात नाही, असेही दिवस येतात. पुस्तक उघडावे, तीच ओळ तीनदा वाचावी आणि पानात बोट घालून खिडकीबाहेर पाहत बसावे. या दुखण्यावर मात्र आपण भलतेच उपचार करतो. कुणी ज्ञानेश्वरी पुढे ठेवतो, कुणी पारितोषिक मिळालेली सहाशे पानांची कादंबरी आणून देतो, आणि रोगी आणखीच अंथरूण धरतो.

आमच्या घरी हे दुखणे आले ते वडील गेल्यावर. आई सातवीपर्यंत शिकलेली. पण वाचनालयाचे पुस्तक तिच्या उशाशी नाही, असा आठवडा मी कधी पाहिला नव्हता. वडील गेले आणि तिचे वाचन तुटले. चष्मा होता, डोळे होते, वेळ तर नको तितका होता. वाचन तेवढे नव्हते. वर्ष गेले, दीड वर्ष गेले. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तेव्हा साहजिकच आधी माझीच नवी कादंबरी तिला दिली. चौथ्या दिवशी तिने ती परत केली. “चांगली आहे रे,” ती म्हणाली, “पण मला नाही वाचवत.” लेखकाला याहून प्रामाणिक अभिप्राय मिळणे कठीण. पुढे तीन चरित्रे आली, एक अनुवाद आला, समाजचिंतनाचे एक जाडजूड पुस्तक आले, आणि दोन-दोन दिवस उशाशी राहून सारी परत गेली.

शेवटी मी वाचनालयातल्या काकांना गाठले. “गुरुजी,” कपाटाच्या तळच्या खणात हात घालीत ते म्हणाले, “आईंना चांगलं पुस्तक नका देऊ. पुढं काय झालं, असं वाटायला लावणारं द्या.” आणि त्यांनी काढून दिली ती नाथमाधवांची ‘वीरधवल’. पुठ्ठा नवा बांधलेला, पाने चहाच्या रंगाची.

त्या पुस्तकाचे घरी काय झाले ते सांगेनच. पण काकांच्या त्या बोलण्याने मला एक नाद लावून दिला. ‘पुढे काय झाले?’ या प्रश्नावर आपल्या भाषेत पुस्तके केव्हापासून होऊ लागली, आणि ज्यांनी ती लिहिली त्यांच्या डोळ्यांपुढे कोणता वाचक होता, हे शोधण्यात माझी मे महिन्याची सारी सुट्टी गेली.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’चे नाव घेतात. ती १८५७ सालची. विधवांच्या दुःखाची, आणि त्याबरोबरच धर्मप्रसाराच्या हेतूने लिहिलेली. तिचे मोल मोठे आहे. पण दिवेलागणीनंतर घटकाभर मन रमावे म्हणून ती कुणी शेजारून मागून नेली असेल, असे काही मला वाटत नाही. त्या काळच्या वाचकाची जीभ निराळ्याच चवीवर वाढलेली होती. सिंहासनबत्तिशी, वेताळपंचविशी, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतलेल्या अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी, हा त्याचा मेतकूट-भात. तेव्हा १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली आणि वाचकांनी ती उचलून धरली, यात नवल नव्हते. सद्गुणी नायिका, कपटी दुर्जन, संकटांमागून संकटे आणि अखेर सुखाचा शेवट. एकदा ही वाट सापडल्यावर राजपुत्र आणि राजकन्या यांची रांगच लागली. हळब्यांचीच ‘रत्नप्रभा’ १८६६ साली आली आणि नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली.

या रिसबुडांना पुढच्या टीकाकारांनी भरपूर हसून घेतले आहे. त्यांची कादंबरी म्हणजे अद्भुताचा बाजार, असे म्हणून त्यांना निकालात काढण्याची रीत आहे. मीही ते ऐकूनच मोठा झालो. पण ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत या गृहस्थाने जे सांगितले आहे, ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : आपल्या लोकांच्या विवाहाच्या चालीमुळे आणि इतर अनेक कारणांमुळे आपल्या आयुष्यात चटका लावण्यासारखे काही घडतच नाही, ना गुण ना दुर्गुण. रोज जे अनुभवाला येते तेच लिहिले तर त्यात मनोरंजक असे काय उरणार? म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहायचा तर अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते.

ही लेखकाची सबब आहे, हे खरे. पण त्या सबबीत एक कबुली आहे. ज्या घरात आठव्या वर्षी मुलीचे लग्न लागते आणि तिने पुढे काय करायचे ते तिच्या जन्माआधीच ठरलेले असते, त्या घरात ‘पुढे काय झाले?’ असे विचारायला जागाच कुठे आहे? रिसबुडांना समाज दिसत नव्हता असे नव्हे. दिसत होता, आणि त्यात गोष्ट सापडत नव्हती.

पुढच्या तीन-चार वर्षांत दोन गोष्टी झाल्या. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी ‘विविधज्ञानविस्तारा’तून ‘मोचनगड’ लिहून १८७१ साली शिवकालाचा रस्ता मोकळा केला. (गुंजीकर पेशाने शिक्षक, हे सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही.) आणि १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी नावल आणि नाटक यांवर स्वतंत्र निबंधच लिहिला. नावल म्हणजे नॉव्हेल. बाणभट्टाच्या ग्रंथाचे नाव या साऱ्या जातीला पडून ‘कादंबरी’ हा शब्द पक्का होईतो लोक नावलही म्हणत. निबंध लिहून ज्याची चर्चा करावी असा हा प्रकार झाला होता, म्हणजे घरोघर शिरलाही होता.

रिसबुडांच्या सबबीला खरे उत्तर मिळायला बावीस वर्षे लागली. ते दिले हरि नारायण आपट्यांनी. हरिभाऊंचा जन्म १८६४ चा. महाविद्यालयात गेले, पण गणिताने दगा दिला आणि पदवी काही हाती लागली नाही. मॅट्रिकवरच थांबलेल्या माझ्यासारख्याला या गोष्टीचा किती आधार वाटतो, ते विचारू नका. वाचन मात्र अफाट होते, आणि त्यात रेनॉल्ड्स होता. हा इंग्लंडातला लेखक १८४४ पासून लंडनच्या गुप्त गोष्टी पेनी-पेनीच्या साप्ताहिक हप्त्यांत विकीत असे. तिकडच्या प्रतिष्ठितांनी त्याला ओसरीवरही उभे केले नाही. आपल्याकडे मात्र माजघरापर्यंत त्याचा मुक्काम पडला. हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ साली ‘पुणे वैभवा’त हप्त्याहप्त्याने येऊ लागली, ती या रेनॉल्ड्सच्याच आधाराने. आपला सर्वश्रेष्ठ कादंबरीकार ज्या शाळेत गिरवायला बसला ती शाळा अशी होती. वाचक पुढच्या अंकापर्यंत टांगून कसा ठेवावा, हे तो तिथेच शिकला.

मग १८९० चा ऑक्टोबर महिना उजाडला. पुण्यात त्या वेळी काय गदारोळ चालला होता तो आठवावा. एकीकडे ‘केसरी’, दुसरीकडे आगरकरांचा ‘सुधारक’, आणि मध्ये संमतिवयाच्या कायद्याचा वाद. मुलीचे वय काय असावे यावर सभा गाजत होत्या, आणि १८९१ साली कायदा होईपर्यंत आणि झाल्यावरही कुणी कुणाचे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. अशा वेळी हरिभाऊंनी साप्ताहिक काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘करमणूक’.

मला या नावाचे फार आश्चर्य वाटत आले आहे. भोवती आग लागलेली असताना हा मनुष्य करमणूक कसली करतो? पण त्या ‘करमणुकी’तून जी कादंबरी सुरू झाली, ती होती ‘पण लक्षात कोण घेतो!’ मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातली यमू नावाची मुलगी आपली हकीकत आपणच सांगते. माहेर, सासर, आजीची बोलणी, शंकरमामंजी, थोडेसे सुखाचे दिवस, वैधव्य आणि त्यापुढचा छळ. राजपुत्र नाही, गुहा नाही. विवाहाच्या चालीमुळे आपल्याकडे काही घडत नाही असे रिसबूड म्हणाले होते; हरिभाऊंनी त्याच विवाहाच्या चालीतून असे काही घडवून दाखवले की १८९० पासून १८९३ पर्यंत वाचक यमूच्या पुढच्या हप्त्यासाठी थांबून राहिला. सभेत जो वाद करीत होता तोही घरी आल्यावर वाचक होता. वादात त्याला मत होते. गोष्टीत शिरल्यावर त्याला एवढेच हवे होते, की यमूचे पुढे काय झाले?

करमणूक या शब्दाचा अर्थ त्या दिवसापासून बदलला, असे मी समजतो. करमणूक म्हणजे हलकेफुलके, असे आपण म्हणतो. यमूची कहाणी तर काळीज पिळवटून टाकणारी. तरी ती ‘करमणुकी’त बसली, कारण ती माणसाला धरून ठेवीत होती. ‘उषःकाल’ही याच साप्ताहिकातून आली, ‘गड आला पण सिंह गेला’ही. सत्तावीस वर्षे हरिभाऊंनी हा रतीब घातला. त्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. ‘आजच’ राहिली, ‘मायेचा बाजार’ राहिली. वाचकाला पुस्तक अर्ध्यावर टाकल्याची लाज वाटते. लेखकही टाकतात, हे त्याला कुणी सांगत नाही.

१८९५ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी मासिक काढले, त्याचेही नाव पाहा : ‘मनोरंजन’. याच ‘मनोरंजना’ने १९०९ साली दिवाळीचा खास अंक काढला आणि चिवड्या-लाडवांच्या ताटाशेजारी मासिकाला जागा करून दिली. आज हातात अंक आणि तोंडात शंकरपाळा असे आपण बसतो, ती बैठक तेव्हा घातली गेली.

यापुढचा इतिहास मला भराभर सांगितला पाहिजे, कारण तो फार पसरला आहे. गोविंद नारायणशास्त्री दातारांनी रेनॉल्ड्सला धोतर नेसवून, उपरणे घालून अस्सल मराठी करून टाकले. ‘कालिकामूर्ती’, ‘शापविमोचन’, ‘चतुर माधवराव’ वाचताना तो मूळचा लंडनचा, अशी शंकाही येत नाही. वि. वा. हडपांनी पेशवाईच्या कादंबऱ्यांची माळच ओवली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे माझ्या मामाच्या ट्रंकेत राहत, आणि अभ्यासाच्या पुस्तकाआड माझ्याकडे येत. मागे एका वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाकडून मी असलेच एक पुस्तक जप्त केले. दुसऱ्या दिवशी परत द्यायचे होते. तिसऱ्या दिवशी दिले. शेवटची वीस पाने राहिली होती. कुणाची, हे सांगायला नको.

पण नाथमाधवांपाशी थांबले पाहिजे. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १८८२ चा. १९०५ साली, तेवीस वर्षांचे असताना, ते शिकारीसाठी सिंहगडावर गेले आणि कड्यावरून कोसळले. जीव वाचला, कमरेखालचे शरीर कायमचे गेले. ज्या गडावर हरिभाऊंनी ‘गड आला पण सिंह गेला’ रचली होती, तोच हा गड. अंथरुणाला खिळलेल्या या तरुणाने पुस्तकांचा आधार घेतला. वाचीत गेला, आणि वाचता वाचता लिहू लागला. १९०८ साली ‘प्रेमवेडा’ आली, १९१३ साली ‘वीरधवल’, पुढे स्वराज्याच्या कादंबऱ्यांची सारी माला. १९२८ साली, पन्नाशी गाठण्याआधीच, ते वारले. समीक्षेच्या ग्रंथांत त्यांच्या वाट्याला फार पाने येत नाहीत. पात्रे एकरंगी आहेत, योगायोग फार आहेत, हे आक्षेप मला कादंबरीकार म्हणून मान्यच आहेत. पण ज्याला स्वतःला खोलीचा उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्याने भुयारे, तटबंद्या आणि भरधाव घोडे यांनी पुस्तके भरली, यात योगायोग नाही.

आता घरची गोष्ट. पहिले तीन दिवस ‘वीरधवल’ उशाशी नुसतीच पडून होती. चौथ्या रात्री मी पाणी प्यायला उठलो, तर आईच्या खोलीत दिवा. मला वाटले, बरे नाही. आत डोकावलो, तर ती भिंतीला टेकून बसलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

“आई, दोन वाजले.”

“वाजू देत. तू वाचली आहेस ना ही? मग पुढं काय होतं ते सांगायचं नाही. जा, नीज.”

दीड वर्षात तिने मला असे दटावले नव्हते. मी मुकाट्याने जाऊन पडलो; झोप मात्र लागली नाही.

पुस्तक संपल्यावर तिने विचारले, हा नाथमाधव कोण? मी सिंहगडाची हकीकत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे सगळं पडल्या पडल्या लिहिलंन?” आणि पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

त्यानंतर ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ आठ दिवसांत संपले. माझी कादंबरीही तिने परत मागून घेतली आहे. पंचेचाळिसाव्या पानावर खूण आहे आणि ती खूण गेले दोन आठवडे हललेली नाही. स्वराज्यमालेचा पुढचा भाग मात्र वाचनालयात नाही. पुस्तक आहे, पण कुणी तरी नेले ते परतच केलेले नाही. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी चौकशी करून येतो आणि आई दाराशी उभी राहून माझ्या पिशवीकडे बघते. काकांनी अखेर रजिस्टर उलटून नाव शोधले. घर बाजारपेठेच्या पलीकडे, नदीच्या बाजूला आहे. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे जाऊन येणार, असे तिच्याजवळ कबूल केले आहे.