महरूसा : एका खानदानी बोटीची गोष्ट

इस्माईल पाशाला इजिप्तची गादी मिळाली ती एका अपघातामुळे. अलेक्झांड्रिया ते कैरो रेल्वे १८५६ साली सुरू झाली, पण कफ्र अल-झय्यात इथे नाईलवर पूल झालेला नव्हता. गाडीचे डबे तराफ्यावर चढवून पलीकडे नेत. १८५८ मध्ये राजघराण्यातल्या मंडळींना घेऊन येणारा एक डबा तराफ्यावरून थेट नदीत गेला. गादीचा वारस अहमद रिफअत त्यात बुडाला. त्याचा धाकटा भाऊ इस्माईल त्या गाडीत नव्हता. पाच वर्षांनी, जानेवारी १८६३ मध्ये, चुलते सईद पाशा वारले आणि इजिप्त इस्माईलच्या हाती आला.

त्याच वर्षी लंडनमध्ये त्याच्या खानदानासाठी एका नव्या जहाजाची ऑर्डर नोंदवली गेली. नाव ठरले ‘महरूसा’. अरबीत याचा अर्थ सुरक्षित, पहाऱ्यात जपलेली. कैरोला आणि एकूणच इजिप्तला लोक लाडाने ‘अल-महरूसा’ म्हणत आले आहेत. आपल्या ओळखीचा ‘हिरासत’ हा शब्दही याच धातूतून येतो. राखण आणि कैद या दोन्ही गोष्टी एका मुळात बसतात, हे अरबीचे वैशिष्ट्य मला नेहमी विचारात पाडते.

या बोटीचे फोटो अधूनमधून आपल्या व्हॉट्सअॅप गटांत फिरतात. खाली ओळ असते, ‘मुसलमान बादशाहांचं वैभव पाहा’. मला फोटो आवडतो. पण प्रत्येक वेळी दोन प्रश्न पडतात. बोट बांधली कोणी, आणि पैसे भरले कोणी?

बांधली सामुदा ब्रदर्सने. लंडनच्या पूर्वेला टेम्स नदी मोठा वळसा घेते, त्या वळणातल्या जमिनीला ‘आयल ऑफ डॉग्ज’ म्हणतात. तिथल्या क्युबिट टाउनमध्ये त्यांची गोदी होती. मालक जोसेफ द’अग्विलार सामुदा हा सेफार्दी यहुदी कुटुंबातला इंजिनिअर, पुढे ब्रिटिश संसदेचा सभासदही झाला. जवळच काही वर्षांपूर्वी ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अजस्र जहाज तयार झाले होते. ते इतके जड होते की नोव्हेंबर १८५७ मध्ये ढकलायला घेतले आणि पाण्यात उतरले जानेवारी १८५८ च्या शेवटी. म्हणजे लोखंडी जहाज बांधणे हे त्या काळातले सर्वांत नवे आणि सर्वांत बेभरवशाचे काम होते.

‘महरूसा’ची आखणी ऑलिव्हर लँगची, ज्याने राणी व्हिक्टोरियासाठी ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ ही शाही नौका आखली होती. इजिप्तला तिच्याच धर्तीची बोट हवी होती. फरक एवढाच की राणीची बोट लाकडी आणि ३६० फुटांची, तर पाशाची लोखंडी आणि चारशे फुटांहून लांब. हा फरक सहज झालेला नसावा असे मला वाटते.

त्या काळी अशा गोदीत काम कसे चाले? आधी तळाचा कणा उताराच्या तळावर मांडत. कोकणातले गलबत बांधणारे या कण्याला ‘पठाण’ म्हणतात. त्यावर माशाच्या काट्यासारख्या लोखंडी फासळ्या उभ्या करत आणि फासळ्यांवर पत्रे चढवत. वेल्डिंग अजून जन्माला यायचे होते. प्रत्येक पत्रा रिव्हेटने जोडायचा. पोरगा भट्टीत रिव्हेट लाल करून चिमट्याने पुढे देई, आतला माणूस जड हातोडा टेकवून ते धरून ठेवी आणि बाहेरचे दोघे घाव घालून त्याचे डोके चपटे करत. रिव्हेट थंड होताना आक्रसे आणि सांधा आवळला जाई. अशी हजारो रिव्हेटे. या कामात कित्येक जण पुढे ठार बहिरे होत. सांगाडा पाण्यात उतरला की मग इंजिने बसवायची. ‘महरूसा’ची इंजिने ग्रीनिचच्या जॉन पेनच्या कारखान्यातली होती. दोन्ही बाजूंना मोठाली चाके, वाफेवर फिरणारी. लंडनच्या आसपास ना कोळसा निघतो ना लोखंड, दोन्ही बाहेरून आणावे लागे. त्यामुळे तिथले जहाज महाग पडे. तरीही ऐपतदार गिऱ्हाइके तिथेच जात, कारण तिथल्या कारागिरांचे नाव होते.

१८६५ साली बोट तयार होऊन अलेक्झांड्रियाला पोहोचली. आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडची बंदरे अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. जगभर कापसाचा भाव कडाडला. इजिप्तची कापूस निर्यात युद्धाच्या चार वर्षांत जवळपास चौपट झाली. मुंबईतही तेच चालले होते. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून जाई आणि त्याच्या पैशावर बॅक बेमध्ये समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघत होत्या. प्रेमचंद रायचंद यांच्या एका शब्दावर शेअरचे भाव वरखाली होत. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ च्या वायद्याच्या दिवशी मुंबईचा बाजार बसला. ज्या वर्षी ‘महरूसा’ इजिप्तला पोहोचली त्याच वर्षी तिच्यामागचा कापसाचा पैसा आटू लागला होता.

शेतकऱ्याच्या वाट्याला काय आले? इजिप्तमध्ये शेतकऱ्याला फल्लाह म्हणतात. १८६३ मध्ये तिथे जनावरांत रोगाची साथ आली आणि बैल, म्हशी पटापट मेल्या. वर कर आणि कोरड्याचा धाक होताच, शिवाय सुएझ कालव्यावरची वेठबिगार. कालव्यासाठी महिन्याला सुमारे वीस हजार माणसे गावांतून नेली जात. इस्माईलने ही वेठ बंद करायचे ठरवले आणि हे त्याच्या खात्यावर प्रामाणिकपणे जमा धरले पाहिजे. पण फ्रेंच कालवा कंपनीने नुकसानभरपाई मागितली. वाद निवाड्यासाठी तिसऱ्या नेपोलियनकडे गेला, म्हणजे जवळजवळ फिर्यादीच्याच घरी. जुलै १८६४ मध्ये त्याने निकाल दिला की इजिप्तने कंपनीला ८ कोटी ४० लाख फ्रँक द्यावेत. त्यातले ३ कोटी ८० लाख फक्त वेठबिगार थांबवल्याबद्दल! आपल्याच रयतेला आपल्याच मातीत फुकट राबवायचे थांबवले म्हणून दंड. त्याच वर्षी इस्माईलने लंडनच्या बाजारातून सुमारे ५७ लाख पौंडांचे कर्ज उचलले. क्युबिट टाउनमध्ये तेव्हा ‘महरूसा’चे काम चालू होते.

नुसती चैन केली असे म्हणून इस्माईलला निकाली काढणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. त्याच्या काळात रेल्वे आणि तारा पसरल्या, १८७० मध्ये कैरोचे ग्रंथालय उभे राहिले, १८७२ मध्ये दारुल उलूम निघाले आणि १८७३ मध्ये मुलींची सरकारी शाळा. कर्जाचा काही भाग खरोखर देशात मुरला.

माझा सल वेगळा आहे. इस्माईलचे आजोबा मुहम्मद अली. १८२७ मध्ये नावारिनोच्या लढाईत त्यांचे आरमार बुडाले, तेव्हा त्यांनी द सेरिझी नावाचा फ्रेंच इंजिनिअर बोलावून १८२९ पासून अलेक्झांड्रियातच गोदी उभी केली. इजिप्शियन सुतार, लोहार तिथे शिकले आणि दोनच वर्षांत शंभर तोफांचे जहाज पाण्यात गेले. पण १८४१ मध्ये बड्या सत्तांच्या दबावाखाली उस्मानी सुलतानाने फर्मान काढले. इजिप्तची फौज अठरा हजारांवर आली आणि परवानगीशिवाय युद्धनौका बांधायला मनाई झाली. ते हात सुटले ते सुटले. आजोबाने बांधायला शिकवले आणि नातवाने टेम्सकाठी बिल चुकते केले. मधली चूक फक्त नातवाची म्हणता येत नाही, पण वैभव म्हणून मिरवायचेच तर मी अलेक्झांड्रियाच्या त्या गोदीचा फोटो फिरवीन.

मुंबईचेही असेच झाले. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली इथल्या गोदीत सागवानी जहाजे बनत. १८२६ साली मुंबईत बांधलेले ‘लिव्हरपूल’ हे ७४ तोफांचे जहाज मस्कतच्या सय्यद सईदने १८३६ मध्ये इंग्लंडच्या राजाला भेट दिले आणि इंग्रजांनी त्याचे नाव ‘इमाम’ ठेवले. म्हणजे एकेकाळी अरब सुलतान मुंबईचे जहाज इंग्लंडला नजराणा म्हणून देत होता. लोखंड आणि वाफ आली तशी ही गोदी मागे पडली. मग रत्नागिरी-रायगडच्या खाड्यांतली आपली माणसे विलायती आगबोटींवर खलाशी, तांडेल, सारंग म्हणून चढली. माझ्या आजोळी प्रत्येक घरात असा एखादा माणूस होता. सुएझचे नाव मी भूगोलात वाचण्याआधी तिथे ऐकले.

कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला. मुंबईहून लंडनचा सागरी रस्ता जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी झाला. सोहळ्याला युरोपचे राजेरजवाडे आले, इस्माईल ‘महरूसा’वरून यजमानपण करत होता. त्या यजमानपणाचा खर्चही कर्जात मिळाला. नोव्हेंबर १८७५ मध्ये त्याने कालव्याचे १ लाख ७६ हजार ६०२ शेअर सुमारे ४० लाख पौंडांना ब्रिटनला विकले, आणि पुढच्याच वर्षी सावकारांनी इजिप्तच्या तिजोरीवर आपली माणसे बसवली. तेव्हा कर्ज नऊ कोटी पौंडांच्या वर गेले होते. जून १८७९ मध्ये सुलतानाची तार आली. त्यात इस्माईलचा उल्लेख ‘माजी खेदिव’ असा होता. महिनाअखेर तो ‘महरूसा’वर चढला आणि नेपल्सला उतरला.

बोट मात्र घराण्याकडेच राहिली. १८७२ मध्ये ती कापून मधोमध वाढवली होती, १९०५ मध्ये ग्लासगोला नेऊन पुन्हा वाढवली. या खेपेला बाजूची चाके काढून टर्बाइन आणि तीन पंखे बसवले. टर्बाइन तेव्हा अगदी नवे होते. आणि कामाला पुन्हा परदेशीच जावे लागले.

२६ जुलै १९५२ च्या संध्याकाळी इस्माईलचा नातू फारूक अलेक्झांड्रियाच्या रास अल-तीन राजवाड्यातून निघाला. अंगावर आरमारप्रमुखाचा पांढरा गणवेश, सोबत बायको, तीन मुली आणि सहा महिन्यांचा मुलगा. त्या दिवशी कागदोपत्री राजा तोच तान्हा होता. एकवीस तोफांची सलामी झाली. जनरल नगीब उशिरा पोहोचले, म्हणून होडीने मागे जाऊन बोटीवर चढले आणि त्यांनी सलाम केला. बोट तीच, ‘महरूसा’. बंदरही तेच, नेपल्स.

फारूकला उतरवून बोट परत पाठवायची अशी अट होती, त्याप्रमाणे ती अलेक्झांड्रियाला आली. क्रांतिकारकांनी तिचे नाव ‘अल-हुर्रिया’ म्हणजे स्वातंत्र्य ठेवले. २००० साली पुन्हा ‘महरूसा’ केले. ६ ऑगस्ट २०१५ रोजी कालव्याच्या नव्या फाट्याचे उद्घाटन झाले तेव्हा अब्देल फत्ताह अल-सिसी लष्करी गणवेशात तिच्या डेकवर उभे होते. ती आता इजिप्तच्या नौदलाकडे असते. सामुदांची गोदी एकोणिसाव्या शतकाबरोबरच संपली. त्या जागी लंडनमध्ये सदनिकांची वसाहत आहे, तिचे नाव सामुदा इस्टेट.