जांघेतलं अवधाण ते गॅमा कॅमेरा : लसिकेच्या वाटा कशा दिसू लागल्या

पायात काटा मोडला, जखम चिघळली, की दोन दिवसांत जांघेत गाठ येते. आमच्या सोनपेठकडे कुणीही सांगेल, अवधाण आलंय. पायाची घाण जांघेपर्यंत पोचते ती रक्तातून नाही, लसिकावाहिन्यांमधून, हे शब्दांत मांडता आलं नाही तरी पाय आणि जांघेचं नातं लोकांना पक्कं ठाऊक आहे. प्रश्न एवढाच, की मधली वाट दिसत नाही. लसिका जवळपास रंगहीन, नळ्या केसासारख्या बारीक.

फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ सॅपे याने 1874 मध्ये मृतदेहांच्या लसिकावाहिन्यांत पारा भरून सुंदर नकाशे काढले. त्यातून एक नियम रूढ झाला : धडाच्या त्वचेतली लसिका शरीराची मधली रेषा आणि बेंबीच्या पातळीवरची आडवी रेषा ओलांडत नाही. जवळजवळ शंभर वर्षं शल्यचिकित्सक याच नियमावर विसंबून होते. पण मेलेल्या शरीरात पारा कुठे जातो आणि जिवंत माणसात लसिका कुठे वाहते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. संशोधनाला बसणाऱ्यांनी हा फरक वहीत लिहून ठेवावा.

जिवंत माणसातला मार्ग दाखवला लंडनच्या किनमंथने, 1952 मध्ये. पायाच्या त्वचेत निळा रंग टोचायचा, निळी झालेली वाहिनी छेद घेऊन शोधायची, तिच्यात बारीक सुई घालून क्ष-किरणांत दिसणारं द्रव्य सोडायचं. चित्र अप्रतिम यायचं. अडचण अशी, की ज्याचा पाय सुजलाय त्याच्याच पायात ती वाहिनी सापडायला सगळ्यात कठीण! शिवाय तेलकट द्रव्याचा त्रास वेगळाच.

1953 मध्ये शर्मन आणि टेर-पोगोसियन यांनी दाखवलं, की किरणोत्सारी सोन्याचे कलिल कण ऊतीत नुसते टोचले तरी ते लसिकाग्रंथींत जाऊन साठतात. म्हणजे वाहिनी शोधायची गरजच नाही, कण आपली वाट स्वतःच धरतात. फक्त कण मोजका हवा. फार बारीक असला तर रक्तात शिरतो, फार मोठा असला तर टोचल्या जागीच बसून राहतो. पण सोने-198 चं अर्धायुष्य 2.7 दिवस, आणि ते बीटा किरणही सोडतं. टोचलेल्या जागेला उगाच भाजणी.

उत्तर मिळालं टेक्नेशियम-99एम मध्ये : अर्धायुष्य 6 तास, 140 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण, कॅमेऱ्याला अगदी सोयीचे. मात्र 6 तास म्हणजे काय ते बघा. मुंबईहून सोनपेठला यायला बारा तास धरले, तर निघालेल्या मालातला पाव हिस्साच पोचेल. म्हणून टेक्नेशियम न पाठवता त्याचा जनक मॉलिब्डेनम-99 पाठवतात. त्याचं अर्धायुष्य 66 तास, बारा तासांनीही 88 टक्के शिल्लक. रुग्णालयात रोज सकाळी त्यातून टेक्नेशियम काढून घ्यायचं. प्रयोगशाळांत या यंत्राला चक्क ‘गाय’ म्हणतात, आणि काम म्हणजे धार काढणं. आपल्याला समजवायला वेगळी उपमा नको.

भारतात ही गाय थोडी वेगळी होती. अणुऊर्जा खात्याने 1963 मध्ये मुंबईत परळला, टाटा रुग्णालयाच्या आवारात, रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केलं. आपल्या अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करून बनलेल्या मॉलिब्डेनममध्ये किरणोत्सारी अणूंचं प्रमाण कमी, त्यामुळे परदेशासारखा छोटा स्तंभ पुरत नसे. मग इथे ते द्रावण मिथिल इथिल कीटोनबरोबर घुसळायचे. टेक्नेशियम कीटोनमध्ये उतरतं, कीटोन उडवून दिलं की खाली माल उरतो. दिसायला ओबडधोबड, पण कितीतरी भारतीय रुग्णालयं यावर चालली. याचा इतिहास कुणीतरी नीट लिहायला हवा, असं मला फार वाटतं.

आता कॅमेऱ्यात दिसतं काय? पायाच्या बोटांच्या बेचक्यात टोचलेले कण निरोगी माणसात सरळ रेषेने जांघेच्या ग्रंथींत पोचतात. वाट तुंबली असेल तर रेषा तुटते आणि कण मागे फिरून त्वचेत पसरतात, पाट फुटून पाणी रानात पसरावं तसे. हत्तीरोगात काहींना दुधाळ लघवी होते. तिथे कण मूत्रमार्गातही उतरलेले दिसू शकतात. आणि सॅपेची रेषा? कर्करोगाच्या रुग्णांत ती सर्रास ओलांडलेली सापडली. पाठीवरच्या गाठीची लसिका दोन्ही बगलांत गेलेली दिसली, तेव्हा कुठली ग्रंथी काढायची हे नकाशावरून ठरवणं बंद झालं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते केरळमधलं काम. आलप्पुळ्ळा इथे आर. के. शेणॉय आणि सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या जंतूंची लागण झालेल्या मुलांचे असे फोटो घेतले. सूज नसलेल्या मुलांच्या वाहिन्याही बिघडलेल्या निघाल्या. औषधं दिल्यानंतर पुन्हा तपासलं, तेव्हा अनेकांत सुधारणा दिसली. विदर्भ-मराठवाड्यात आरोग्य कर्मचारी रात्री रक्ताचे नमुने घ्यायला किंवा गोळ्या द्यायला आले, की लोक विचारतात, ‘माझा पाय कुठं सुजलाय?’ त्या मुलांचेही सुजले नव्हते.