पेटी, खोके आणि पडद्यावरची काशी

मराठीत ‘पेटी’ या शब्दाने जेवढे संसार थाटले आहेत, तेवढे दुसऱ्या एखाद्या शब्दाने क्वचितच थाटले असतील. संस्कृत ‘पेटिका’शी नाते सांगणारा हा शब्द कोकणात आंब्याचे माप होतो, गाण्याच्या बैठकीत हार्मोनियम होतो, निवडणुकीत मतपेटी होतो आणि मुंबईच्या चोरट्या व्यवहारांत लाखाची रक्कम होतो. ‘खोके’ हा त्याचा काहीसा रांगडा भाऊ. त्याने कोटीचा अर्थ मिळवला आणि २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात तो विधानभवनाच्या पायऱ्यांवरील घोषणेतही जाऊन बसला. शब्दाच्या अशा अर्थांतराची दखल अभ्यासक घेतात. ज्या वस्तूवरून हे अर्थ निघाले, ती चार फळ्या ठोकून केलेली वस्तू मात्र वाङ्मयाच्या किंवा कलेच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही.

आंब्याची पेटी ही मुळात अंतराची निर्मिती आहे. रत्नागिरी-देवगडच्या बागेतला हापूस झाडावर पिकू देत नाहीत. तो तयार झाला, पण कच्चा आहे, अशा अवस्थेत उतरवला जातो आणि मग पेंढ्याच्या उबेत पिकतो. गलबताने आणि पुढे आगबोटीने मुंबईस जाणारा आंबा करंडीतूनही गेला. करंडीची विण लवचीक, पण एकीवर एक रचू लागले की खालच्या फळाला भार सोसावा लागतो. पेटीच्या फळ्या तो भार स्वतः घेतात आणि दोन फळ्यांमधल्या फटीतून फळाला वाराही मिळतो. फळाच्या आकाराप्रमाणे चार, पाच, सहा डझनांची पेटी भरायची, पेंढ्याचा थर द्यायचा, झाकण ठोकायचे, बाजूच्या फळीवर बागाईतदाराचा मार्का उमटवायचा. आंबा वजनावर न विकता पेटीवर विकला जाऊ लागला तो यातूनच. हंगामातली पहिली पेटी बाजारात आली की तिची पूजा होते आणि वृत्तपत्रांत बातमी येते. बातमीत बागाईतदाराचे गाव असते, भाव असतो. थर लावणाऱ्या हाताचा उल्लेख नसतो. वास्तविक फळ नुसते हातात घेऊन ते आज पिकेल की आठ दिवसांनी, हे ओळखणे आणि त्यानुसार त्याची जागा ठरवणे, ही विद्याच आहे. आपल्या लोकगीतांना आणि ललित गद्याला आंब्याचे वेड फार. पण ही विद्या त्यांनी बव्हंशी बाहेरच ठेवली आहे, असे मला वाटते.

काशीचा लंगडा हापूस संपताना, पावसाच्या तोंडाशी बाजारात येतो. पिकला तरी त्याची साल हिरवीच राहते, त्यामुळे रंगावरून त्याची परीक्षा करता येत नाही. त्याचा जुना संसार मुख्यतः बांबूच्या टोकऱ्यांचा. बाग जवळ आणि खाणाराही जवळ, तेव्हा फळ्या-खिळ्यांचा खर्च कोण करील? हापूसला २०१८ मध्ये आणि बनारसी लंगड्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता लंगडाही दूरच्या बाजारांत जातो. पण तोवर लाकडी पेटीचा काळ मावळू लागला होता आणि त्याच्या वाट्याला आला तो पुठ्ठ्याचा डबा.

लाकूड मागे का पडले याचे कारण हिमालयात शोधावे लागते. सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास कोटगढला अमेरिकन सफरचंदाची लागवड केली आणि पुढे सगळ्या हिमाचलाचे अर्थकारण त्या फळाभोवती फिरू लागले. दर हंगामात लागणाऱ्या पेट्यांसाठी फर आणि स्प्रूसची जंगले तुटू लागली, तेव्हा १९८० च्या दशकात तेथील शासनाला पुठ्ठ्याचा आश्रय करावा लागला. फळ वाचवण्यासाठी झाड तोडायचे, हा व्यवहार फार काळ चालण्यासारखा नव्हताच. काश्मीरमध्ये पॉप्लरच्या फळ्यांच्या पेट्या अजून चालतात, कारण ते झाड लावून वाढवलेले असते.

याच सफरचंदाच्या खोक्याला अमेरिकेत एक अनपेक्षित जन्मांतर लाभले. हॉलिवूडच्या आरंभकाळात सेटवर रिकामी खोकी हाताशी असत. कुणी त्यांवर बसे, कुणी त्यांवर दिवा चढवी, बुटक्या नायकाला उंच नायिकेशेजारी उभे करायचे तर त्याच्या पायांखाली खोके सरकवले जाई. पुढे फळ गेले आणि नाव उरले. आजचा ‘अ‍ॅपल बॉक्स’ सर्व बाजूंनी बंद, बाजूंना हात घालण्यापुरती खाच असलेला असतो. तो साधारणतः वीस इंच लांब, बारा इंच रुंद व आठ इंच उंच असून त्याच्या अर्ध्या, पाव आणि जेमतेम एक इंच जाडीच्या आवृत्त्याही असतात. खोके उभे ठेवले तर ‘न्यूयॉर्क’, आडवे ठेवले तर ‘लॉस एंजेलिस’ अशी त्याची परिभाषा आहे. कामगारांच्या विनोदबुद्धीने शास्त्राला दिलेली ही देणगी मानावी. प्रेक्षकाला चेहरा दिसतो, खोके चौकटीच्या खाली राहते. ते दिसले तर कामच फसले.

चौकटीबाहेरच्या अशाच लाकूडकामातून पडद्यावरची काशी उभी राहिली आहे. दादासाहेब फाळके यांचा विल्यमसन कॅमेरा मे १९१२ मध्ये इंग्लंडहून मुंबईस आला आणि सोबतच्या आकृतीवरून त्यांनी तो चार दिवसांत जुळवला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला. हरिश्चंद्राच्या कथेचा शेवट काशीच्या स्मशानात होतो. तेथील एका घाटाला त्याचेच नाव आहे. परंतु चित्रीकरण झाले ते दादरला उभारलेल्या नेपथ्यावर आणि वांगणीच्या परिसरात. म्हणजे भारतीय चित्रपटाची पहिली काशी गंगेकाठी नव्हे, तर मुंबईच्या आसपास, फळ्या, कापड आणि रंग यांतून घडली. सत्यजित राय १९५६ च्या ‘अपराजितो’साठी घाटांवर प्रत्यक्ष गेले, पण हरिहरच्या घराचे अंगण त्यांनाही कलकत्त्याच्या स्टुडिओतच बांधावे लागले. जुन्या बनारसी वाड्यात प्रकाश वरच्या आकाशातूनच झिरपतो आणि सावल्या जवळजवळ पडतच नाहीत. हा प्रकाश सुब्रत मित्र यांनी सेटवर ताणलेल्या पांढऱ्या कापडावर खालून दिवे टाकून, परावर्तित करून मिळवला. बन्सी चंद्रगुप्त यांचे सुतारकाम आणि मित्र यांचे कापड यांनी मिळून काशीचे आकाश घडवले. समीक्षक या प्रसंगांतील वास्तववादाची वाखाणणी करतात, आणि ती योग्यच आहे. मात्र ते वास्तव किती खिळ्यांवर टांगलेले होते हेही सांगायला हवे.

स्वतः फाळके काशीस गेले ते चित्रपटासाठी नव्हे, चित्रपट सोडून. हिंदुस्थान फिल्म कंपनीतील भागीदारांशी बिनसल्यावर ते सहकुटुंब तेथे जाऊन राहिले. त्यांच्या चरित्रात हा काळ बहुधा वैराग्याचा म्हणून रंगवला जातो. मला ते पटत नाही. विरक्त माणूस काशीत बसून ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहीत नाही, आणि तेही समकालीन नाट्यव्यवसायावर टीका करणारे. पडदे, ट्रंका आणि पेट्या आगगाडीत चढवून गावोगाव हिंडणाऱ्या मंडळ्यांचा तो व्यवसाय होता, आणि हे ओझे काय असते हे सेट उभारणाऱ्या फाळक्यांना दुसऱ्या कुणी सांगायला नको होते. १९२२ मध्ये नाटक रंगमंचावर आले. ते फारसे चालले नाही, आणि आज नाट्येतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही त्याचे नाव सांगावे लागते. फाळके मात्र त्याच सुमारास नाशिकला परतले आणि पुन्हा हिंदुस्थान फिल्म कंपनीसाठी चित्रपट काढू लागले.