तांबड्या प्रकाशाचा हिशेब



‘तांबडे फुटले’ म्हणजे दिवस उजाडला, अशी आपली बोली आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी याच सातारा जिल्ह्यातून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. तेव्हा प्रकाश आणि आरोग्य यांचे नाते मलकापूरकरांना नव्याने सांगावयास नको. परंतु हल्ली गुडघेदुखीपासून टकलापर्यंत सर्व व्याधींवर तांबडे दिवे विकले जातात, आणि ते घेणाऱ्यांत कष्टकरी माणसेही आहेत. म्हणून या दिव्याचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनने १८९३ साली असे मांडले की, देवीच्या रोग्याला तांबड्या पडद्यांच्या खोलीत ठेवावे, म्हणजे जांभळे व त्यापलीकडचे किरण अडून व्रण कमी राहतात. पुढे तेच अडवलेले किरण त्याने त्वचेच्या क्षयावर वापरले आणि १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळविले. पण तांबड्या खोल्या कसोटीला उतरल्या नाहीत. देवी हटली ती लसीने. भारतातला तिचा शेवटचा रोगी १९७५ साली नोंदला गेला. क्षयाचेही तसेच झाले. आपल्या शेजारी, मिरजेजवळ, वानलेसवाडीला क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते. उघडी हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच त्या काळी अशा ठिकाणचा मुख्य उपचार. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसीन सापडले आणि पुढे औषधांनी चित्र पालटले.

तांबड्या प्रकाशाचे दुसरे पर्व १९६० साली लेसर निघाल्यावर सुरू झाले. बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टरने १९६७ च्या सुमारास उंदरांवर माणकाच्या लेसरचा मंद झोत सोडला, तेव्हा कातडीवरचे भादरलेले केस लवकर उगवलेले त्याला आढळले. मग त्याने तो न भरणाऱ्या जखमांवर वापरून पाहिला. आज लेसरच्या जागी पुष्कळदा साधे एलईडी दिवे असतात.

हे घडते कसे? आपल्या पेशींत तंतुकणिका नावाच्या बारीक भट्ट्या असतात. अन्न आणि प्राणवायू यांपासून त्या पेशीला शक्ती पुरवितात. त्यांतले सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ हे विकर तांबडा व त्यालगतचा अदृश्य प्रकाश शोषते आणि भट्टीला जोर येतो, असा मुख्य सिद्धांत आहे. त्यावर अद्याप वाद चालू आहे. मात्रा बेताची हवी; जास्त झाली तर गुण उलट कमी होतो. दवाखान्यात कंबर शेकणारा तांबडा दिवा निराळा, त्याचे काम उष्णतेने होते. तान्ह्या बाळाची कावीळ उतरवणारा दिवाही निराळा, तो निळा असतो.

आता जमेची बाजू. कर्करोगाच्या उपचारात तोंडात येणारे फोड टाळण्यासाठी तज्ज्ञांचे आंतरराष्ट्रीय मंडळ ठरावीक रोग्यांना याची शिफारस करते. अनुवंशिक टकलात काहींचे केस थोडे वाढतात, मानदुखीला काहीसा उतार पडतो. गुडघ्याबाबत प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मधुमेह किंवा कर्करोग या दिव्याने बरा होत नाही. झोत डोळ्यांत घेणे तर धोक्याचे.

ओझी वाहून झिजलेल्या पाठीला आधी विश्रांती आणि वैद्याची तपासणी लागते. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने विमाधारक कामगाराला औषधोपचार व आजारपणातला रोख भत्ता हक्काने दिला. तो हक्क न बजावता मजुरीचे पैसे दिव्यात घालणे म्हणजे दुखण्याचा बोजा पुन्हा कामगाराच्याच पाठीवर टाकणे होय. दिवा विकणाऱ्याला तीन प्रश्न अवश्य विचारा: कोणत्या रोगावर, किती मात्रेत, आणि कोणत्या पुराव्याने? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत पाकीट खिशातच राहू द्यावे.